कुत्र्याचे केस, चिखल आणि गाडीची डिकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला गाडीतून नेणारे बहुतेकजण एकाच फेऱ्यात अडकतात. आधी जुनी चादर, मग घाईत घेतलेली एखादी मॅट, मग एका ओल्या दिवसानंतर सुट्टी खर्ची घालून केलेली साफसफाई, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मीही त्यातून गेले आहे. माझं मत आधीच सांगते. डिकी राखण्याचं निम्मं काम कुत्रा आत चढण्याआधी होतं. उरलेलं निम्मं तुमचं कव्हर किती झटपट निघतं यावर अवलंबून असतं, कारण जे काढताना कटकट होते ते महिनोन्महिने धुतलं जात नाही.

कुठल्याही गाडीच्या डिकीत कुत्र्याला बसवता येतं का?

नाही. सेडान गाडीची बंद डिकी कुत्र्यासाठी नाहीच, दोन मिनिटांच्या प्रवासालासुद्धा नाही. तिथे हवा खेळत नाही, उष्णता साठते आणि आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. या पानावर डिकी म्हणजे हॅचबॅक, एसयूव्ही किंवा स्टेशन वॅगनमधली मागची जागा, जी वरून गाडीच्या आतल्या भागाशी जोडलेली असते. तिच्यावरचं आडवं झाकण काढून ठेवायचं.

तिथेही कुत्र्याला मोकळं सोडू नका. मजबूत पिंजरा पट्ट्यांनी बांधून ठेवा, किंवा मागच्या सीटच्या वर जाळी लावा आणि कुत्र्याला छातीपट्टा घालून डिकीच्या जमिनीतल्या कड्यांना अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नका. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर २० किलोचा कुत्रा सुमारे २८० किलो वजनाइतक्या जोराने पुढे फेकला जातो. कव्हर निवडतानाही हे ध्यानात असू द्या. ज्या कव्हरखाली ही कडी झाकून जातात, ते कितीही सुबक दिसलं तरी घेऊ नका.

व्हॅक्यूम फिरवूनही केस निघत का नाहीत?

एकदा टॉर्च आडवा धरून डिकीच्या कार्पेटकडे अगदी जवळून बघा. केस वर पडलेले दिसणार नाहीत, रोवलेले दिसतील. एक टोक वर, दुसरं खोल आत. चिमटीत धरून ओढलात तर हलकासा अडकल्याचा ताण बोटांना जाणवतो.

याचं कारण दोन्हीकडे आहे. डिकीतलं कार्पेट बऱ्याच गाड्यांत विणलेलं नसतं. कृत्रिम धाग्यांचा थर काटेरी सुयांनी टोचून टोचून त्याचं फेल्टसारखं कापड केलेलं असतं, त्यामुळे धागे सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. आणि केसावर, भिंगाखाली पाहिलंत तर, कौलांसारखे एकावर एक चढवलेले खवले असतात. त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. म्हणून केस मुळाच्या बाजूने पुढे सहज सरकतो आणि मागे येताना अडतो. गाडीचा प्रत्येक हादरा, कुत्र्याची प्रत्येक कूस त्याला थोडं आत ढकलते.

लॅब्रॅडॉर, बीगल, पग, डाल्मेशियन यांचे केस आखूड आणि ताठ असतात, ते सुईसारखे शिरतात. लांब केसांच्या कुत्र्यांचे केस वरच्यावर गुंता होऊन बसतात आणि मुठीत धरून उचलता येतात. आखूड केसांचा कुत्रा म्हणजे कमी साफसफाई, हा समज डिकीपुरता तरी साफ खोटा आहे. हवा कोरडी असली की घर्षणाने स्थिर वीज तयार होते, मग केस उभ्या बाजूंना आणि प्लॅस्टिकलाही चिकटतात.

जुनी चादर अंथरली तर चालत नाही का?

केसांसाठी थोडीफार चालते, ओलीसाठी अजिबात नाही. ओल्या कुत्र्याखालची सुती चादर पाणी शोषते आणि खालच्या कार्पेटला देते. शिवाय ती गोळा होते. कुत्रा बसण्याआधी दोन गिरक्या घेतो, तेवढ्यात चादर एका कोपऱ्यात आणि कुत्रा उघड्या कार्पेटवर. चादर वापरायचीच असेल तर जलरोधक थरावर, चारी कोपरे अडकवून, आणि घट्ट विणीची. टर्किश टॉवेलसारखं फंदे असलेलं कापड केस धरून ठेवतं आणि धुतल्यावरही सोडत नाही.

मग नेमकं काय घ्यावं? कडक ट्रे, रबरी मॅट की कापडी कव्हर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर कुत्र्यावर आणि तुमच्या वाटांवर ठरतं.

उंच काठाचा ट्रे चिखल-पाण्यासाठी उत्तम. काठ चार-पाच सेंटिमीटर उंच असेल तर अंग झटकल्यावरचं पाणी आतच राहतं, ट्रे उचलून बाहेर नेला, पाण्याने धुतला, उभा करून निथळू दिला की काम झालं. रबर आणि थर्मोप्लॅस्टिक यांतलं काय घ्यावं म्हणाल तर रबर जड असतं आणि जागचं हलत नाही, थर्मोप्लॅस्टिक हलकं असतं आणि त्याला वास कमी येतो. नवीन रबराला वास येतोच. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, म्हणून एक-दोन दिवस ते मोकळ्या हवेत ठेवून मगच गाडीत घाला. ट्रेची उणीव एकच, तो फक्त तळ झाकतो. कडेच्या भिंती आणि सीटची पाठ उघडीच राहते, आणि केस तर तिथेच जास्त जातात, कारण कुत्रा टेकून बसतो.

कापडी कव्हर तळ, दोन्ही बाजू आणि सीटची पाठ असं सगळं झाकतं. ते पॉलिस्टरचं असतं आणि मागून पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा थर दिलेला असतो. पाकिटावर ६०० डेनियर असं लिहिलेलं दिसेल. हा धाग्याच्या जाडीचा आकडा, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० चा धागा नखांना बऱ्यापैकी दाद देत नाही. पण आकड्यापेक्षा शिवण बघा. जलरोधक कापडाला सुईने भोकं पडतात, आणि कोपऱ्यातल्या शिवणीतूनच पाणी झिरपतं. घरी आणल्यावर कव्हर बादलीसारखं धरून कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता आणि खाली वर्तमानपत्र ठेवून पंधरा मिनिटं थांबा. जाहिरातीत काय म्हटलंय त्यापेक्षा हे वर्तमानपत्र जास्त खरं सांगतं.

माझ्या गाडीत दोन्ही आहेत. खाली ट्रे कायमचा, आणि वर भिंती झाकणारं पातळ कापडी कव्हर, जे चार हूक सोडले की दहा सेकंदांत बाहेर येतं. एकच घ्यायचं असेल आणि कुत्रा वरचेवर पाण्यात-चिखलात जात असेल तर ट्रे. केसांचाच त्रास असेल तर कापडी कव्हर.

रंगाबद्दल एक गोष्ट. कुत्र्याच्या रंगाशी जुळणारं कव्हर घेतलं तर केस दिसत नाहीत हे खरं, पण मग साफसफाईची वेळ झाली हेही कळत नाही. मला विरुद्ध रंग बरा वाटतो.

माप कसं घ्यायचं?

डिकीच्या तोंडाशी, मध्ये आणि सीटजवळ अशी रुंदी तीन ठिकाणी घ्या. चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात, त्यामुळे तिन्ही आकडे वेगळे निघतील. लांबी सीटची पाठ नेहमीच्या कोनात ठेवून मोजा. मुद्दाम तपासायची गोष्ट म्हणजे डिकीच्या तळाचं झाकण. त्याखाली स्टेपनी, जॅक आणि पाना असतो. पंक्चर झाल्यावर कव्हर, पिंजरा आणि कुत्रा हे सगळं किती वेळात बाजूला होतं, ते घरीच एकदा करून बघा.

ट्रेवर कुत्रा घसरतो आणि वळणावर घाबरतो. काय करावं?

याकडे दुर्लक्ष करू नका. आमची म्हातारी लॅब्रॅडॉर गुळगुळीत ट्रे आणल्यानंतर गाडीत चढायलाच तयार होईना. पुढचे दोन पाय डिकीच्या कडेवर ठेवायची, नखांचा करकर आवाज झाला की मागे घ्यायची. मला वाटलं सांधे दुखत असतील. ट्रेवर खरखरीत रबरी पट्टी टाकली आणि त्याच संध्याकाळी ती आपणहून चढली. घसरणारा कुत्रा उभा राहण्यासाठी नखं रुतवतो, सतत तोल सावरतो, दमतो, धापा टाकतो, लाळ गाळतो. म्हणजे घाणही वाढते. ट्रेवर खाचा असलेली रबरी मॅट किंवा मागून रबरी ठिपके असलेली सतरंजी घाला. योगा मॅट कापून घातली तर ती पकड देते, पण कुरतडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती नको. गिळलेला फोमचा तुकडा आतड्यात अडकू शकतो.

बंपरवर आणि रंगावर ओरखडे पडतात, ते कसे टाळायचे?

बऱ्याच कापडी कव्हरांना पुढे लोंबणारा पदर असतो. डिकी उघडली की तो बंपरवर सोडायचा आणि बंद करण्याआधी आत घ्यायचा. पदर नसेल तर जाड सतरंजीचा तुकडाही चालतो. त्याची आतली बाजू स्वच्छ हवी, कारण पदराखाली अडकलेली वाळूच रंग घासते. उडी मारणं जड जात असेल तर उतरंडीची फळी घ्या. कुत्रा पिल्लू असल्यापासून तिची सवय लावलीत तर म्हातारपणी सोपं जातं.

कुत्रा गाडीत चढण्याआधी काय करावं?

इथे घालवलेली पाच मिनिटं नंतरचा तासभर वाचवतात. निघण्याआधी घराबाहेर ब्रश करा. आखूड केसांना रबरी ब्रश, दुहेरी केसांच्या, म्हणजे वर राठ केस आणि आत मऊ लव असलेल्या जातींना आतली लव ओढून काढणारा दाते असलेला ब्रश. ब्रशात आलेला प्रत्येक झुपका म्हणजे डिकीत न गेलेले शेकडो केस. दुहेरी केसांचे कुत्रे ऋतू बदलताना, साधारण वर्षातून दोनदा, आतली लव टाकतात. त्या काही आठवड्यांत रोज ब्रश करा. घरातल्या दिव्यांच्या उजेडात राहणारे कुत्रे मात्र वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहतात.

परतताना गाडीशी पोचलात की लगेच दार उघडू नका. आधी त्याला अंग झटकू द्या. झटकत नसेल तर कानावर हलकी फुंकर घाला, बहुतेक कुत्रे झटकतात. मग पाय. गाडीत पाण्याची बाटली, एक मग आणि दोन मायक्रोफायबरचे टॉवेल कायमचे ठेवा. प्रत्येक पंजा मगात बुडवायचा, बोटांमधला गाळ अंगठ्याने सोडवायचा, टॉवेलने दाबून टिपायचं. घासायचं नाही, दाबायचं, कारण घासलं की पाणी केसांत आणखी आत जातं. पोटाखालचा भाग विसरू नका. चिखल पायांइतकाच पोटाला लागलेला असतो आणि कुत्रा बसतो पोटावरच.

बरोबर टॉवेलच्या कापडाचा अंगरखा असेल तर तो घालून बसवा. पाणी आणि केस दोन्ही त्यात राहतात. समुद्राच्या पाण्यात खेळला असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ कातडीला खाजवतं आणि डिकीतल्या धातूच्या भागांना गंज आणतं.

केस गळू नयेत म्हणून कुत्र्याला भादरलं तर?

दुहेरी केसांच्या कुत्र्याला भादरू नका. गळणं थांबत नाही, फक्त आखूड केस गळतात, आणि ते जास्त रुततात. केस परत नीट येतीलच याची खात्री नसते, आणि कातडीला उन्हाचा चटका बसतो.

आधीच रुतलेले केस कसे काढायचे?

व्हॅक्यूम शेवटी. आधी केस सुटे करावे लागतात.

कार्पेटवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, हाताला दमट लागेल इतकाच. स्थिर वीज निघून जाते आणि केस एकमेकांना चिकटतात. मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला आणि तळहात एकाच दिशेने, आपल्याकडे, आखूड फटकाऱ्यांत ओढा. काही क्षणांत केसांची सुरवंटासारखी वळकटी जमू लागते. मोठ्या जागेसाठी काच पुसायचा रबरी वायपर त्याहून चांगला. एका दिशेने झालं की काटकोनात पुन्हा करा, कारण केस वेगवेगळ्या दिशांनी रोवलेले असतात. पहिल्या फेरीनंतर कार्पेट स्वच्छ दिसेल. दुसऱ्या फेरीत जे निघेल ते पाहून चकित व्हाल.

अगदी हट्टी जागांसाठी प्युमिस दगड (टाचा घासायचा सच्छिद्र दगड) वापरता येतो, हलक्या हाताने आणि आधी कोपऱ्यात तपासून. जोर दिलात तर कार्पेटचे धागेच तुटून लव निघते. प्लॅस्टिकच्या भिंतींवर दगड लावूच नका, तिथे दमट मायक्रोफायबर पुरे. फटींसाठी जुना टूथब्रश. कार्पेट वाळल्यावर मग व्हॅक्यूम, अरुंद तोंडाने, सावकाश.

फॅब्रिक सॉफ्टनर पाण्यात घालून फवारण्याची युक्ती बऱ्याचदा सांगितली जाते. केस सुटतात खरे, पण सॉफ्टनर कार्पेटमध्येच राहतो आणि कुत्रा तिथे लोळतो, पंजे चाटतो. नुसतं पाणी पुरतं, तर हे कशाला?

डिकीच्या दाराचं रबर आणि कुलपाची खाच आठवणीने पुसा. रबरावर केस आणि माती साचली की दार घट्ट बसत नाही आणि त्या फटीतून पाणी आत येतं.

चिखल ओला असतानाच पुसावा का?

कार्पेटवर पडला असेल तर नाही. ओला चिखल पुसायला गेलात की मातीचे बारीक कण धाग्यांच्या मुळाशी जातात. ढेकळं तेवढी उचला, बाकीचं पूर्ण वाळू द्या, कडक ब्रशने फोडा, व्हॅक्यूम करा. डाग उरलाच तर सौम्य साबणाचं पाणी फडक्यावर घेऊन बाहेरून आत टिपत या. वाळूलाही हाच नियम.

लघवी किंवा उलटी झाली तर?

उलटीतला घन भाग पातळ पुठ्ठ्याने खरवडून उचला. लघवी कोरड्या फडक्यावर वजन देऊन शोषून घ्या. नंतर एन्झाइम, म्हणजे घाणीचं विघटन करणारी द्रव्यं, असलेलं क्लीनर भरपूर लावा. ओल जिथवर गेली तिथवर ते पोचलं पाहिजे, आणि पाकिटावर दिलेला वेळ ते ओलं राहिलं पाहिजे. लगेच पुसून टाकलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. सोडा किंवा व्हिनेगर आधी लावू नका, एन्झाइमचा जोर कमी होऊ शकतो.

अमोनियाचं क्लीनर टाळा. लघवी कुजताना अमोनियाच तयार होतो, त्यामुळे कुत्र्याला ती जागा पुन्हा त्याच कामाची वाटू शकते. ब्लीच तर नकोच. अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन हा विषारी वायू बनतो, तोही डिकीसारख्या कोंदट जागी.

पिल्लाला गाडी लागत असेल तर त्याच्यावर रागावू नका. लाळ गळणं, ओठ चाटणं, सतत जांभया ही आधीची लक्षणं. ती दिसली की गाडी थांबवा. निघण्याआधी काही तास पोट हलकं ठेवा. बरेच कुत्रे मोठेपणी यातून बाहेर येतात.

सगळं स्वच्छ केलं तरी वास येतोच. का?

बहुतेक वेळा वास वरच्या कार्पेटमध्ये नसतो. तळाचं झाकण उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खळग्यात हात घाला. मी पहिल्यांदा घातला तेव्हा बोटं गार पाण्यात बुडाली, आणि वर आली ती काळपट केसांच्या लगद्यासकट. वर्षभर मी वरून सुगंध फवारत होते.

ओल्या कुत्र्याचा वास त्याच्या अंगावरच्या जिवाणू आणि यीस्टमुळे असतो. पाणी उडून जाताना वासाचे कण हवेत सुटतात. कुत्रा वाळला की वास ओसरतो, पण तेच पाणी कव्हरखाली किंवा खळग्यात साचलं तर तिथे बुरशी धरते. उपाय एकच, कोरडं करणं. खळगा पुसा, कव्हर घरी न्या, डिकी सावलीत तासभर उघडी ठेवा. कार्पेटवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूम केला तर उरलेला वास बराच कमी होतो. परतीच्या वाटेवर एसी चालू ठेवा, त्याने हवेतली ओल कमी होते आणि काचांवर धुकं धरत नाही. केबिन फिल्टर वेळेवर बदला. खळग्यात पुन्हा पाणी आलं तर ते कुत्र्याचं नाही, दाराचं रबर किंवा मागच्या दिव्याची कड गळते आहे. गाडी दाखवून घ्या.

सुगंधी तेलं डिकीत वापरू नका. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी असतं.

कव्हर वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर चालेल का?

बहुतेक चालतात, लेबल पाहा. पण आधी केस काढा, नाहीतर ते मशीनच्या पंपाच्या जाळीत अडकतात आणि पुढच्या धुण्यात तुमच्या कपड्यांवर येतात. कव्हर वाळवून झटका, रबरी हातमोज्याने ओढा, मग मशीनमध्ये. ३० अंशांचं पाणी, थोडी पावडर, सॉफ्टनर नाही, कारण त्याने पाणी अडवणारा थर निकामी होतो. ड्रायर आणि भर दुपारचं ऊन दोन्ही टाळा. त्या थराला तडे गेले की कव्हर नुसतं कापड उरतं.

पिसवा आणि गोचिडांचं काय?

पिसवांची अंडी चिकट नसतात, ती कुत्र्याच्या अंगावरून घरंगळतात आणि डिकीच्या फटींत जातात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही तग धरते. कुत्र्यावर उपचार सुरू असताना डिकी आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम करा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. कीटकनाशक फवारण्याआधी पशुवैद्यांना विचारा.

डिकीत आणखी काय ठेवू नये?

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात. ब्रेक ऑइल, बॅटरीचं पाणी, काच धुवायचं द्रव, हेसुद्धा कुत्रा बसतो तिथे नको.

अंग वाळेपर्यंत कुत्र्याला गाडीतच बसवून आपलं काम उरकलं तर?

कृपा करून असं करू नका. बाहेर २२ अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात ४५ अंशांच्या वर तापमान गेल्याचं मोजलं गेलं आहे, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि दमट बंद हवेत धापाही उपयोगी पडत नाहीत. ओला असेल तर ओला घेऊन घरी या. डिकी नंतर धुता येते.